सोमीचं मोल

केवलचंद शेठला त्या गुरुवारी सत्तर हजार रुपये सुटणार होते.

हिशेब सरळ होता. शेठनं तो दुकानातल्या गल्ल्यापाशी, सरकी पेंडीच्या पोत्यावर ठेवलेल्या पुठ्ठ्यावर खडूनं मांडून पाहिला होता. गायीचं मोल फार तर ऐंशी हजार होईल. त्यातले निम्मे, म्हणजे चाळीस, ती पाळणाऱ्या आणे गावच्या इंद्रायणीला द्यायचे. गाय टेम्पोत चढवायची आणि नारायणगावच्या एका गोठेवाल्याला एक लाख दहाला द्यायची. तो फोनवर "आणा" म्हणाला होता, आणि गोठेवाला आणा म्हणाला की आणायचं असतं. एकशे दहातून चाळीस गेले, राहिले सत्तर. आता ज्या जनावरावर हे सत्तर मिळायचे त्याच्यावर शेठनं पदरचं किती घातलं होतं? चार महिन्यांचा चारा. तोही बुरशी धरू लागलेला, जो गिऱ्हाइकानं फुकटातही उचलला नसता.

त्याचं असं झालं होतं. शेठचं दुकान बेल्ह्यात, पशुखाद्याचं. तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी, गुरांचा बाजार उठताना, कुणीतरी पावण्यानं दुकानाच्या मागच्या खांबाला एक काळी-पांढरी कालवड बांधली. "शेठ, चहा पिऊन येतो," म्हणाला. तो चहा अजून चालू आहे. कालवड अंगानं भरलेली, पण गाभ धरत नव्हती. बाजारात दिवसभर कुणी तिच्या पाठीवर हातसुद्धा टाकला नव्हता. अशा जनावराला शेवटी एकच गाडी मिळते. ती गाडी विचारायला आलीही. तेव्हा शेठची बायको पानबाई मागच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्या दारातनं ही त्या गाडीत चढली तर मी जेवणार नाही."

पानबाई पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहणारी बाई. तिला न जेवण्याची सवय होती, शेठला ते बघण्याची नव्हती. कालवड राहिली. खात राहिली. रोज सकाळी दुकान उघडताना शेठ तिच्याकडं असं बघायचा, की एखादीला दुसरीकडं जाऊन उभं राहावंसं वाटलं असतं.

चार महिन्यांनी इंद्रायणी पेंडीला आली. आण्याच्या पठारावर तिची अडीच एकर कोरडवाहू, चार शेळ्या, आणि नवरा सूरज चाकणला कंपनीत, महिन्यातून दोनदा घरी. पोतं मोटारसायकलवर बांधता बांधता तिनं विचारलं, "शेठ, हिचं काय करताय?"

"तुला पाहिजे? घेऊन जा. अर्धलीनं."

अर्धल म्हणजे निम्मेवाटा. जनावर एकाचं, पाळणार दुसरा. दूध, शेण आणि कष्ट पाळणाऱ्याचे; जनावराची किंमत दोघांची, निम्मी निम्मी. कुणाही एकाला वाटलं की वाटा मोडायचा. मोडायची रीत मात्र पक्की आहे. मोल करायचं पाळणाऱ्यानं, आणि निवड करायची मालकानं: त्या मोलाचा निम्मा देऊन जनावर न्यायचं, की निम्मा घेऊन सोडून द्यायचं. कमी मोल केलं तर मालक उचलणार, जास्त केलं तर आपल्याच गळ्यात. तोंडातून आकडा निघाला की माघारी घ्यायचा नाही. पैसे जाग्यावर रोख; सोडलेलं जनावर पाळणाऱ्याला पेललं नाही, तर मालकानं त्याच मोलाचा निम्मा देऊन न्यायचं. ज्यानं कुणी ही रीत पाडली त्याच्या घरात दोन पोरं आणि एकच भाकरी असणार.

वांझ कालवडीचा निम्मा म्हणजे किती? शेठनं शून्याचा निम्मा दिला होता, आणि वर चारा वाचवला होता. त्या दिवशी तो पानबाईला म्हणाला, "बघ, पुण्याचं काम झालं." पानबाई म्हणाली, "हो, तुमच्या तोंडावर दिसतंय."

इंद्रायणीनं तिचं नाव सोमी ठेवलं, सोमवारची म्हणून. चार वेळा डॉक्टर बोलावला, चार वेळा कालवड उलटली, गाभ राहिलीच नाही. डॉक्टर म्हणाला, "बाई, नाद सोडा. रेतनाचे पैसे मला देण्यापेक्षा पोरांना खाऊ आणा." इंद्रायणीनं रोज सकाळी ओंजळभर मोड आलेली मटकी चारायला सुरुवात केली. मटकी घरची, पठारावर तीच तर पिकते. चाटायला क्षारांची वीट टांगली. गोठ्यात पंखा लावला, तेव्हा गावानं मनसोक्त हसून घेतलं, कारण घरात पंखा नव्हता. पाचव्या खेपेला कालवड टिकली. पहिल्या वेताला सोळा लिटरपर्यंत गेली. दुसऱ्या वेताला, म्हणजे या खेपेला, दोन्ही वेळचं मिळून बावीस.

शेठला हे कुणी सांगितलं नाही. त्याला पोत्यांनी सांगितलं. आधी महिन्याला एक पोतं नेणारी बाई दर दहा दिवसांनी यायला लागली. शेठनं महिनाभर मुकाट्यानं पोती मोजली आणि मग निरोप धाडला: गुरुवारी चार वाजता येतो, वाटा मोडायचाय. सोबत कमरुद्दीनभाई येतील.

कमरुद्दीन हे बेल्ह्याच्या बाजारातले जुने दलाल. गायीच्या पाठीमागून एकदा चालत गेले की दूध, वय आणि मालकाची गरज तिन्ही सांगायचे. शेठनं त्यांना बोली केली होती: गाय उचलली तर हजार, नाही तर पाचशे.

इकडं आण्यात इंद्रायणीचा दीर आदेश कामाला लागला. आदेश दूध डेअरीवर काटा आणि फॅटचं मशीन सांभाळायचा. त्यामुळं गावातल्या प्रत्येक गायीची आणि प्रत्येक घराची ऐपत त्याला तोंडपाठ.

"वहिनी, तुमच्याकडं किती हायेत?"

"चाळीस. बोकडांचे अन कांद्याचे."

"मग मोल ऐंशीच्या वर जाता कामा नये. ऐंशी म्हना, चाळीस द्या, गाय आपली. फक्त शेठला वाटलं पायजे की ऐंशीसुद्धा लई झाले."

त्यासाठी त्यानं बेत आखला. गायीला दोन दिवस धुवायचं नाही. गुरुवारी दुपारपासून वासरू सोडून ठेवायचं, म्हणजे ते दूध पिऊन टाकेल आणि धारेच्या वेळेला कास लोंबलेली. शेजारी गावातली सगळ्यात थोराड गाय मागून आणून बांधायची, म्हणजे सोमी बारकी दिसेल. पावण्यांनी काहीही खोड काढली की आपण "व्हय" म्हणायचं. वहिनींनी तोंड उघडायचं ते फक्त आकडा सांगायला.

सूरजला फोन लावला. तो म्हणाला, "आदेश म्हणतो तसं करा. पण गाय जाऊ देऊ नका." म्हणजे काय करायचं ते त्यानं सांगितलं, कसं करायचं ते दुसऱ्यावर टाकलं. कंपनीत सुपरवायझर झाला होता.

इंद्रायणीनं सगळ्याला मान डोलावली. आणि गुरुवारी सकाळी, कुणी उठायच्या आत, सोमीला बोअरच्या पाण्यानं धुऊन काढलं.

"वहिनी!" आदेश डोक्याला हात लावून म्हणाला. "काय ठरलं व्हतं?"

"शेणात बसलेली गाय पावण्यांफुडं उभी करू? मला लाज हाय. बाकीचं तुमी म्हणाल तसं."

पण बाकीचंही नव्हतं. दुपारी आदेश वासरू सोडून डेअरीवर गेला, आणि पाच मिनिटांत इंद्रायणीनं ते परत बांधलं. जास्त दुधानं वासराला हगवण लागते, असं कारण तिनं स्वतःला सांगितलं. ताटलेल्या कासेचा गायीला ठणका लागेल त्याचं काय, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

चार वाजता शेठची गाडी आली. शेठ पांढऱ्या शर्टात, मागून मोटारसायकलवर कमरुद्दीन. ओट्यावर दहा-बारा माणसं आधीच बसली होती. रीतीला साक्षीदार लागतात, आणि आण्यात गुरुवारी दुसरं काही नव्हतं.

कमरुद्दीननं गायीला एक फेरी मारली. त्यांना सगळं दिसलं: कासेवरच्या फुगलेल्या शिरा, रुंद पुठ्ठा, तुकतुकीत कातडी. आणि चाळीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर आली. मोल खाली पाडायचं, मग उचलायची.

"शेठ, ही का ती गाय? मला लांबून शेळी वाटली."

"शेळीच म्हना," आदेश म्हणाला.

कमरुद्दीननं चमकून बघितलं. "पाठ वाकलीय जरा."

"जरा? लई वाकलीय, भाई."

"खूर वाढल्यात."

"तर काय. उठवून उभी करावी लागती सकाळी."

"लाथ मारत असंल."

"परवाच एकाचा दात पाडला," ओट्यावरून एक म्हातारा बोलला. आणि पुरावा म्हणून स्वतःचं बोळकं दाखवलं.

आता कमरुद्दीन घामाघूम. बाजारात ते एक खोड काढायचे, मालक दोन गुण सांगायचा, अशी त्यांची आयुष्यभराची जुगलबंदी. इथं खोड काढली की समोरचा तिला बारशाचं नाव ठेवत होता. त्यांनी शिंगं काढली, शेपूट काढलं, डोळ्यांतलं पाणी काढलं. ओट्यानं सगळं कबूल केलं. शेठ खुशीत येऊन हाताची घडी घालून उभा राहिला. सत्तर हजार आता इतके जवळ आले होते की त्यांचा वास यावा.

खोडी संपल्या. गायीत आणखी काढण्यासारखं काही उरलं नाही म्हणून कमरुद्दीननं पाळणारणीला धरलं.

"जनावराला तरी काय दोष द्यावा, शेठ. पाळणारणीचा हातच न्हाई ह्या कामाचा. चांगल्या हाती असती तर कायतरी झालं असतं."

आणि आदेश, ठरल्याप्रमाणं, म्हणाला, "व्हय भाई. वहिनींना कुठं जमतंय."

इंद्रायणी इतका वेळ दावणीपाशी खाली मान घालून उभी होती. तिनं मान वर केली.

"काय म्हनलात, भावजी?"

आदेशनं डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, ओठ चावला. चेहऱ्याचं जेवढं काही हलवता येतं ते सगळं हलवलं.

"न्हाई, कळू द्या सगळ्यांना," इंद्रायणी म्हणाली. "माझा हात न्हाई? कमरुद्दीनभाई, तुमी वडीलधारे, म्हणून ऐकून घेतलं. गायीला शेळी म्हनलात, ऐकलं. ही ज्या दिवशी आली ना, हिच्या बरगड्या तुमी उभ्या जागेवरनं मोजल्या असत्या. डॉक्टर म्हनला वांझ. बेल्ह्याचा अख्खा बाजार म्हनला वांझ, तुमी बी त्यातच असाल. ह्या हातानं मटकी चारलीय हिला. थांबा जरा."

ती घरात गेली. बाहेर आली ती बादली घेऊन. आदेश "वहिनी, अवो वहिनी" करीत पुढं झाला, तर त्याच्याच हातात तिनं वासराचं दावं दिलं. कास धुतली, वासरू लावलं, ओढून घेतलं आणि खाली बसली.

पहिल्या धारा बादलीच्या पत्र्यावर वाजल्या आणि ओट्यावरचे पुढं सरकले. मग आवाज जाड होत गेला, फेस चढत गेला. सोमी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली नाही. कमरुद्दीन हळूहळू उकिडवे बसले, कारण दुधाची धार बघताना उभं राहणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. बादली भरली, दुसरी मागितली.

"आदेशभावजी, काटा तुमचा. करा वजन, अन मोठ्यानं सांगा."

आदेशनं पडलेल्या चेहऱ्यानं वजनकाटा आणला. "दहा लिटर सहाशे."

"सकाळचं किती व्हतं? तुमच्याच मशीनवर हाय."

"साडेअकरा."

"फॅट?"

"चार." आदेशनं कबुलीजबाब द्यावा तसं सांगितलं.

इंद्रायणीनं हात पदराला पुसले. "आता मोल. एक लाख वीस हजार."

ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं बोळकं मिटलं. आदेश जिथं होता तिथंच, शेणावर, बसला. तोंडातून आकडा निघाला होता; माघारी घ्यायची रीत नव्हती. एक लाख वीसचे निम्मे साठ, आणि घरात चाळीस.

कमरुद्दीन शेठच्या कानाशी लागले. "उचला शेठ. असली गाय तालुक्यात न्हाई." त्यांचे हजार उचलण्यात होते, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी ते हजारासाठी बोलत नव्हते.

शेठनं मोबाईल काढला आणि हिशेब केला. उचलली तर खिशातून साठ जाणार, गोठेवाला एकशे दहा देणार. राहणार पन्नास. सोडली तर हातात साठ. मोबाईल आडवा धरून पुन्हा केला. पन्नास. साठ. ऐंशीच्या मोलाला उचलून सत्तर सुटत होते, सोडून मिळणारे चाळीस नको होते. एकशे वीसला सगळं उलटं झालं होतं. बाईनं गायीची किंमत बाजाराच्याही वर दहा हजार नेऊन ठेवली होती, आणि त्या उंचीवरून ती खाली काढायला शेठलाच पैसे मोजावे लागणार होते.

"सोडली," शेठ म्हणाला. "गाय तुझी. साठ दे."

इंद्रायणी आत गेली आणि चाळीस हजार घेऊन आली. शेठनं मोजले.

"हे चाळीस."

"चाळीसच हायेत."

"रोख ठरलंय, बाई. जाग्यावर."

"मला ठाऊक हाय." शेठच्या मोबाईलवर दोनदा फिरलेलं बोट तिनं नीट पाहिलं होतं. दीड वर्ष डेअरीचा हिशेब तपासणाऱ्या बाईला माणूस कुठल्या आकड्यावर थांबला ते लांबून कळतं. तिनं खुंट्यावरचं दावं सोडलं आणि सोमीला पुढं आणून दावं शेठच्या हातात ठेवलं. "मोल मी केलं, मला पेललं न्हाई. म्हंजे गाय तुमची. हे चाळीस ठेवा खाली, साठ द्या, अन न्या. दाव्यासकट न्या."

केवलचंद शेठच्या हातात जन्मात पहिल्यांदा गायीचं दावं आलं. सोमीनं पांढऱ्या शर्टाचा वास घेतला आणि शर्टावर एक लांब ओला श्वास सोडला. टेम्पोवाला गावाच्या वेशीवर उभा होता. साठ हजार शेठच्या मोबाईलमध्ये होते, बोट लावायचा अवकाश. आणि ते बोट लावलं की दहा हजार गेले.

इंद्रायणी गायीकडं बघत नव्हती. गायीकडं बघितलं असतं तर काय झालं असतं ते तिला माहीत होतं. ती शेठकडं बघत होती, एकटक.



"अगं, पण..." शेठ म्हणाला. "वीस हजार काय पळून चाललेत का? घरचंच माणूस तू. महिन्यानं दे."

"व्याज?"

"व्याज कशाचं? मी काय सावकार आहे?"

"अन रीत? रोख ठरलंय म्हनलात."

"रीत माणसांसाठी असते, बाई. धर हे दावं. धर लवकर, शर्ट चाटतीय."

इंद्रायणीनं दावं घेतलं. सोमीला आपल्या बाजूला ओढून घेतलं.

"अन पेंड, शेठ? महिनाभर उधारीवर?"

"पेंड रोखीनं," शेठ म्हणाला. माणसाला कुठंतरी पाय रोवून उभं राहावं लागतं.

कमरुद्दीन मोटारसायकलला किक मारण्याआधी गोठ्यापाशी आले. त्यांनी सोमीच्या पाठीवर हात टाकला आणि तो कासेपर्यंत फिरवत नेला. "पोरी," ते म्हणाले, "चाळीस वर्षं बाजारात खोटं बोलतोय, पण आज लई मोठं बोललो. हात हाय तुझा."

"मला ठाऊक हाय, चाचा. तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी डेअरीवर आदेशनं फळ्यावर खडूनं हिशेब मांडला. वहिनींना दाखवायला, की एका वाक्याचे वीस हजार कसे गेले. ऐंशी म्हणाल्या असत्या तर चाळीसात काम झालं असतं. मग कुणीतरी नारायणगावच्या गोठेवाल्याचे एकशे दहा सांगितले. आदेशनं फळा पुसला, पुन्हा मांडला. ऐंशीला शेठनं गाय उचलली असती, डोळे झाकून. नव्वदला उचलली असती. शंभरलाही. आदेशनं खडू खाली ठेवला. मग दुधाच्या रांगेत इंद्रायणी आली तेव्हा त्यानं विचारलं, "वहिनी, हा हिशेब तुमी आधीच केला व्हता?"

"कसला हिशेब?" ती कॅन काट्यावर ठेवत म्हणाली. "एक लाख दहाची गाय हाय, कुणालाबी दिसंल. वरचे दहा माझ्या हाताला नावं ठेवली त्याचे." आणि मागं वळून रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वजन नीट बघा भावजी. एक लाख वीसच्या गायीचं दूध हाय."

त्या दिवसापासून आण्यात सोमीला कुणी सोमी म्हणत नाही. "एकशेवीस आली का पाण्यावर," असं विचारतात. पाहुणे घेऊन येतात, दाखवायला. जो म्हातारा दात पाडल्याचं सांगत होता तो आता पाहुण्यांना सांगतो की ही गाय वांझ ठरवली होती, आणि आपण तेव्हाच म्हणालो होतो, वांझ नाही.

राहिला प्रश्न कुणी किती भरले त्याचा.

शेठचं सत्तरचं स्वप्न होतं, मिळाले साठ. त्यातून कमरुद्दीनचे पाचशे, टेम्पोवाल्याचे रिकाम्या फेरीचे बाराशे आणि एक शर्ट वजा. पानबाईनं सगळी हकिकत ऐकली, आणि त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. कमरुद्दीनचे हजारातले पाचशे बुडाले. त्यांनी ते मागितले नाहीत. इंद्रायणीनं चाळीस भरले, बोकडांचे आणि कांद्याचे. उरलेले वीस दूध डेअरीच्या दहा-दहा दिवसांच्या तीन पेमेंटांत फिटले: सात हजार दोनशे साठ, सात हजार एकशे चाळीस, पाच हजार सहाशे. ते गायीनं भरले.